विश्लेषण : ‘स्टेम सेल’ने अर्धांगवायू बरा होतो का? १२० भारतीय रुग्णांवरील चाचणी काय सांगते…

मेंदूच्या ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तेथे मानवी मूळ पेशींपासून तयार केलेल्या पेशी सोडण्यात आल्या. पाच आठवड्यांनंतरही त्या जिवंत होत्या, त्यांतील बहुतेकींच्या चेतापेशी झाल्या होत्या आणि शेजारच्या पेशींशी त्यांचा संवादही सुरू झाला होता. झुरिच विद्यापीठ आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांचे हे काम सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’च्या माध्यमातून जगापुढे आले. मात्र अशी बातमी फॉरवर्ड होत होत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचेपर्यंत तिच्यातला एक शब्द हमखास गळतो : उंदीर.

ज्या घरात कोणाच्या तरी अंगावरून वारे गेले आहे, हात उचलत नाही, जीभ जड झाली आहे, त्या घरात हा गळलेला शब्द महाग पडतो. एकीकडे रुग्णालयातील डॉक्टर ‘आता व्यायाम करत राहा’ एवढेच सांगतात. दुसरीकडे मोबाइलवर जाहिरात दिसते : स्टेम सेल थेरपीने पक्षाघातातून बाहेर पडा. खर्च लाखांत असतो. मुदत ठेव मोडायची की नाही, हा निर्णय बहुतेक वेळा काही दिवसांतच घ्यावा लागतो. ज्या पुराव्याच्या आधारे तो घ्यायला हवा, त्यातला सर्वात महत्त्वाचा पुरावा भारतातच, भारतीय रुग्णांवर तयार झालेला आहे. पण तो कोणी फॉरवर्ड करत नाही.

पक्षाघातात मेंदूत काय घडते?

मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की त्यापुढच्या भागातील पेशी प्राणवायूअभावी मरू लागतात. गुठळीचे प्रकार जास्त, फुटण्याचे कमी. मोठी वाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला आणि तो आजही वापरला जातो. म्हणूनच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळी घालून ओढून काढण्याची सोय निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत करता येते.

ही वेळ निघून गेली, की मेलेली पेशी परत आणणारे औषध नाही. उरते ते मेंदूचे स्वतःचे कसब : शाबूत भागांनी मेलेल्या भागाचे काम थोडेफार शिकून घेणे. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वात वेगाने होते, सहा महिन्यांनंतर मंदावते, पण पूर्ण थांबतेच असे नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवायला हवा. स्टेम सेलच्या बाजाराचा निम्मा डोलारा त्यावरच उभा आहे.

स्टेम सेल नेमके करतात तरी काय?

‘स्टेम सेल’ हा एका वस्तूचा नव्हे, तर एका कुटुंबाचा शब्द आहे. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या अस्थिमज्जेतील पेशी, दात्याच्या अस्थिमज्जेपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, नाळेतील पेशी, भ्रूणाच्या मेंदूपासून तयार केलेल्या पेशी आणि प्रौढ माणसाची साधी पेशी ‘मागे नेऊन’ घडवलेल्या आयपीएस पेशी या सगळ्यांना एकच नाव आहे. झुरिचच्या प्रयोगातील पेशी शेवटच्या प्रकारातल्या, मेंदूच्या दिशेने आधीच वळवलेल्या आणि थेट मेंदूत टोचलेल्या होत्या. क्लिनिकमध्ये सहसा पहिल्या प्रकारातल्या मिळतात. एकाचा निकाल दुसऱ्याला लावणे म्हणजे हापूसची कीर्ती सांगून रायवळ विकणे.

मज्जेतील पेशी शिरेतून दिल्या, तर त्यांचा मोठा वाटा आधी फुप्फुसांतील बारीक वाहिन्यांत अडकतो. मेंदूपर्यंत पोहोचतात त्या थोड्या, त्याही फार दिवस टिकत नाहीत आणि त्यांच्या चेतापेशी होऊन बसतात, याला पुरावा नाही. त्यामुळे गेल्या दोन दशकांत शास्त्रज्ञांनी आपले म्हणणेच बदलले आहे. या पेशी वीट म्हणून भिंतीत बसत नाहीत. त्या काही रसायने सोडतात, त्याने सूज कमी होते, नव्या रक्तवाहिन्यांना चालना मिळते आणि शाबूत पेशींना आधार मिळतो, असे आता मानले जाते. ही कल्पना खोटी नाही. प्राण्यांमध्ये तिला भरपूर आधार आहे. जाहिरातींतली चित्रे मात्र अजून विटांचीच असतात : मेलेल्या जागी नवी चमकती पेशी.

झुरिचच्या प्रयोगाचे महत्त्व इथेच आहे. त्यात पेशी खरोखर चेतापेशी झाल्या, रक्तवाहिन्या वाढल्या, दाह कमी झाला आणि उंदरांच्या चालीतही सुधारणा मोजता आली. पेशी पक्षाघातानंतर लगेच नव्हे, तर आठवड्याने दिल्या होत्या, हीसुद्धा उमेद वाढवणारी गोष्ट. पण मानवी पेशी नाकारल्या जाऊ नयेत म्हणून हे उंदीर मुळातच प्रतिकारशक्ती कमकुवत असलेले होते. त्यांचा पक्षाघात प्रयोगशाळेत, ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकाराचा घडवलेला होता. साठी ओलांडलेला, मधुमेह आणि रक्तदाब असलेला माणूस आणि तो उंदीर यांच्यातले अंतर एका शोधनिबंधाने पार होत नाही, आणि संशोधकांनी तसा दावाही केलेला नाही.

भारतीय चाचणीत काय दिसले?

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या निधीतून, दिल्लीच्या ‘एम्स’च्या पुढाकाराने देशातील पाच रुग्णालयांत ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गुठळीमुळे पक्षाघात झालेले १२० रुग्ण त्यात होते. कोणाला पेशी मिळणार आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांनी नव्हे, चिठ्ठीने ठरवले. एका गटाला त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून देण्यात आल्या. प्रत्येकी सरासरी २८ कोटी पेशी, पक्षाघातानंतर साधारण अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनंतर तपासणी करणाऱ्यांना कोण कोणत्या गटातला, हे माहीत नव्हते.

जेवण, आंघोळ, चालणे, कपडे घालणे अशी रोजची कामे माणूस स्वतः किती करू शकतो, याला शून्य ते १०० गुण देणारी एक पद्धत आहे. सहा महिन्यांनी पेशी घेतलेल्या गटाचे सरासरी गुण होते ६३.१. न घेतलेल्यांचे ६३.६. बऱ्यापैकी परावलंबी राहिलेले किंवा दगावलेले रुग्ण एका गटात ४७.५ टक्के, दुसऱ्यात ४९.२ टक्के. उपचार सुरक्षित ठरला, पण त्याचा उपयोग दिसला नाही, असे चाचणी करणाऱ्यांनीच लिहून टाकले.

हे आकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. पेशी घेतलेल्या गटातला एखादा रुग्ण, जो अंथरुणावरून उठून काठीच्या आधाराने चालू लागला, त्याचा व्हिडिओ काढला असता तर तो शंभर टक्के खरा असता. रुग्ण खरा, सुधारणा खरी, कुटुंबाचे अश्रूही खरे. फक्त तशीच सुधारणा पेशी न घेतलेल्या गटातही झालेली असती; पण त्या गटाचा व्हिडिओ कोणी काढत नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर निसर्गाने आणि फिजिओथेरपीने केलेले काम पेशींच्या नावावर जमा होते. त्यातून बहुतेक क्लिनिकच्या ‘पॅकेज’मध्ये रोजचा कसून व्यायामही असतोच. घरी सहा महिने न झालेला व्यायाम तिथे दोन आठवडे सलग होतो, हात थोडा हलतो आणि श्रेय इंजेक्शनला जाते.

या चाचणीत त्रुटी नव्हत्या असे नाही. दुसऱ्या गटाला खोटे इंजेक्शन दिलेले नव्हते, त्यामुळे आपल्याला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक होते. पण ही त्रुटी असती तर ती पेशींच्या बाजूने झुकली असती. विश्वासानेही माणसाला बरे वाटते. तरीही फरक पडला नाही.

परदेशातील अनुभव वेगळा आहे का?

नाही, फक्त जास्त खर्चिक आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने २०१६ मध्ये १८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पक्षाघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या या रुग्णांच्या कवटीला लहान छिद्र पाडून ‘सॅनबायो’ या कंपनीच्या, दात्याच्या मज्जेपासून बनवलेल्या पेशी थेट मेंदूत सोडल्या होत्या. अनेकांच्या हालचाली सुधारल्या आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला. तुलनेचा गट नव्हता. मग १६३ रुग्णांची मोठी चाचणी झाली. तीत काहींवर नुसतीच लुटुपुटीची शस्त्रक्रिया केली, पेशी सोडल्याच नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीला जाहीर करावे लागले की मुख्य निकषावर दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नाही.

जपानमध्ये २०६ रुग्णांना पक्षाघातानंतर १८ ते ३६ तासांत दात्याच्या पेशी किंवा नुसते द्रावण देण्यात आले. तीन महिन्यांनी ‘उत्तम’ म्हणावे असे बरे झालेले रुग्ण पेशींच्या गटात ११.५ टक्के, द्रावणाच्या गटात ९.८ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. वर्षभरानंतरच्या काही दुय्यम निकषांवर पेशींचे पारडे थोडे जड दिसले, पण मुख्य परीक्षेत नापास झाल्यावर तोंडी परीक्षेतले गुण दाखवून निकाल बदलत नाही. त्या पेशी विकसित करणाऱ्या ‘अथर्सिस’ या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

यात एक वळण आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. सॅनबायोच्याच पेशींना जपानने जुलै २०२४ मध्ये मान्यता दिली. मात्र ती डोक्याला मार लागून आलेल्या दीर्घकालीन लुळेपणासाठी आहे, पक्षाघातासाठी नाही. शिवाय ती सशर्त आणि मुदतीची आहे : आधी वापर, मग पुराव्याची भर, अशी जपानची वेगळी पद्धत आहे. या मान्यतेचा दाखला देऊन पक्षाघाताच्या रुग्णाला कोणी पेशी विकत असेल, तर तो अर्धेच सांगत आहे.

‘नुकसान तर काही नाही ना’ हे कितपत खरे?

चाचण्यांमध्ये, कडक देखरेखीखाली दिलेल्या पेशी बहुतांशी सुरक्षित ठरल्या आहेत. देखरेखीबाहेरची गोष्ट निराळी. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१६ मध्ये एका ६६ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. पक्षाघातानंतर उरलेली कमजोरी जावी म्हणून त्याने चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोतील क्लिनिकमध्ये पाठीच्या कण्यातून निरनिराळ्या पेशी टोचून घेतल्या. पुढे त्याच्या कण्यात गाठ वाढली, पाय लुळे पडले. तपासणीत गाठीतील बहुतेक पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्याच; त्या दुसऱ्या माणसाच्या होत्या. अर्धा लुळेपणा घालवायला गेलेल्या माणसाच्या पदरी नवा लुळेपणा आला.

भारतात सर्रास दिल्या जाणाऱ्या, रुग्णाच्याच मज्जेतील पेशींबाबत असा धोका कमी असतो. तेथे मोठे नुकसान पैशांचे आणि वेळेचे. पहिल्या तीन महिन्यांतला एक महिना क्लिनिकच्या शोधात, पैशांच्या जमवाजमवीत आणि प्रवासात गेला, तर तो व्यायामाचा सर्वात मोलाचा महिना असतो.

कायदा काय म्हणतो?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे याबाबत अजिबात गुळमुळीत नाहीत. रक्ताचे काही विकार वगळता स्टेम सेलचा वापर हा प्रयोग समजला जाईल, तो मान्यताप्राप्त चाचणीतच करता येईल आणि त्याबाहेर ‘उपचार’ म्हणून तो देणे अनैतिक व गैरवर्तन ठरेल. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. पक्षाघात त्या अपवादांच्या यादीत नाही.

मग इतकी दुकाने चालतात कशी? कारण मार्गदर्शक तत्त्व म्हणजे कायदा नव्हे. कायद्याचे बळ आहे ते औषधांच्या २०१९ च्या नियमांना. त्यांत पेशींपासून बनवलेले उत्पादन ‘नवे औषध’ ठरते, पण पेशींवर भरीव प्रक्रिया केली असेल तर. कमरेच्या हाडातून मज्जा काढली, यंत्रात फिरवून दाट केली आणि त्याच दिवशी परत टोचली, तर ‘आम्ही कुठे औषध बनवले?’ असा बचाव करायला जागा उरते. ही फट धोरणकर्त्यांना ठाऊक नाही असे नाही. ती बुजवण्याची घाई मात्र दिसलेली नाही.

आणखी एक जुना कायदा आहे, त्याची आठवण फारशी कोणाला होत नाही. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. ज्या आजारांवर औषधाने बरे करण्याची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत पॅरालिसिसचा थेट उल्लेख आहे. म्हणूनच चलाख जाहिरातीत ‘बरा करतो’ असे वाक्य नसते. रुग्ण बोलतो, डॉक्टर शेजारी उभे राहतात, खाली फोन क्रमांक असतो.

मग रुग्णासमोर पर्याय काय?

पेशी सोडल्या म्हणून हातावर हात ठेवून बसावे लागते, असे नाही. पक्षाघाताला नऊ महिने ते काही वर्षे झालेल्या १०८ रुग्णांवर एक चाचणी झाली. मानेतून जाणाऱ्या व्हेगस नसेला जोडलेले छोटे यंत्र छातीत बसवायचे आणि हाताचा व्यायाम करतानाच नसेला हलका विद्युत स्पंद द्यायचा. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मधून प्रसिद्ध झालेल्या निकालात खरा स्पंद मिळालेल्यांपैकी ४७ टक्क्यांच्या हातात लक्षणीय सुधारणा झाली. यंत्र बसवूनही पुरेसा स्पंद न दिलेल्यांत २४ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. खर्चामुळे हे यंत्र सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्यात नाही. पण त्यातून दोन गोष्टी दिसतात : उपचारात दम असेल तर शंभर-सव्वाशे रुग्णांतही तो दिसू शकतो; आणि वर्ष उलटले म्हणजे सगळे संपले, हे खरे नाही. त्या २४ टक्क्यांनी तर मुख्यतः नेटाच्या व्यायामावरच मजल मारली होती. प्रशिक्षित थेरपिस्टकडून आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे.

‘प्रशिक्षित’ हा शब्द महत्त्वाचा. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत घरच्या माणसांनाच व्यायाम घेण्याचे शिक्षण देऊन पाहिले. २०१७ मध्ये निकाल आला : सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत ४७ टक्केच. बायको, मुलगी, सून कितीही झटली तरी थेरपिस्टची जागा भरून निघत नाही. सरकारी रुग्णालयातून ‘घरी मालिश आणि व्यायाम करा’ एवढ्यावर सुट्टी मिळते, तिथे खरी पोकळी आहे, आणि स्टेम सेलची दुकाने त्याच पोकळीत उभी राहतात. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा मिळाला असता, तर लाखोंच्या इंजेक्शनकडे निम्मी घरे वळलीही नसती.

तरीही कोणाला स्टेम सेलचा मार्ग धरायचाच असेल, तर क्लिनिकला विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर भारतीय चाचणी नोंदणी अर्थात ‘सीटीआरआय’चा क्रमांक कोणता? हा क्रमांक त्या संकेतस्थळावर कोणालाही मोबाइलवरून तपासता येतो, आणि तिथे रुग्णालयाचे नाव, आजार व पेशींचा प्रकार जुळायला हवा. नुसती नोंदणी म्हणजे औषध महानियंत्रकांची परवानगी नव्हे, म्हणून तीही वेगळी विचारावी. नैतिक समितीची मंजुरी, संमतीपत्राची मराठी प्रत आणि काही इजा झाल्यास भरपाई कोण देणार, याचे उत्तर लेखी घ्यावे.

शेवटचा प्रश्न फीचा. खऱ्या चाचणीत ती शून्य असते.